सीआयसीएसचे कलेक्टर: वॉचमनच्या वहीवर नजर कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतली एक टीम परदेशातल्या एका क्लायंटचे २२ सीआयसीएस प्रॉडक्शन रीजन सांभाळते (सीआयसीएस म्हणजे मेनफ्रेमवर ट्रान्झॅक्शन चालवणारी आयबीएमची प्रणाली, रीजन म्हणजे तिची एक स्वतंत्र चालू प्रत). परफॉर्मन्स मॉनिटरिंग सगळीकडे चालू आहे, वर एक ऑनलाइन मॉनिटरही बसवलेला आहे. एसएमएफचा, म्हणजे मेनफ्रेमच्या नोंदी साठवणाऱ्या यंत्रणेचा, डेटा फार वाढला म्हणून मॅनेजर म्हणतात, कलेक्टर (हा डेटा गोळा करणारे भाग) बंद करा. उलट गेल्या महिन्यात दोन तास सगळं मंद झालं होतं, तेव्हा ज्या रीजनचा डेटा हवा होता तिथलाच कलेक्टर बंद निघाला आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. मग बंद काय करायचं, चालू काय ठेवायचं, आणि कुठे काय चालू आहे हे रोज कळणार कसं?

मी तुमच्या प्रश्नाच्या शेपटाकडून सुरुवात करतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. डेटा जास्त होणं हे डिस्क आणि पैशाचं काम आहे, ते आकडेमोड करून सुटतं. कलेक्टर बंद असताना तो चालू आहे असं समजून २२ रीजन चालवणं जास्त वाईट, कारण त्याचा पत्ता नेमका गरजेच्या दिवशीच लागतो.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत गेटवर वॉचमनची वही असते. नाव, फ्लॅट नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. सीआयसीएसची मॉनिटरिंग फॅसिलिटी हीच वही ठेवते, पण एका मोठ्या फरकाने: तिचा वॉचमन माणूस बाहेर पडताना लिहितो. टास्क, म्हणजे ट्रान्झॅक्शनची एक फेरी, संपला की त्याची परफॉर्मन्स नोंद तयार होते. किती वेळ लागला, किती सीपीयू खाल्ला, फाइलसाठी किती थांबला, डीबीटू या डेटाबेससाठी किती, सगळं एकाच ओळीत. जो आत अडकून बसलाय त्याचं नाव वहीत नसतंच. सिस्टिम मंद असताना तुम्हाला नेमका तोच माणूस हवा असतो, आणि वही म्हणते असा कोणी आलाच नाही.

दुसरी गंमत. या नोंदी एकेक करून बाहेर जात नाहीत. सीआयसीएस त्या ३२ केबीच्या बफरमध्ये साठवतं आणि बफर भरला की एक एसएमएफ ११० रेकॉर्ड (११० हा सीआयसीएसचा टाइप), सबटाइप १, म्हणून पाठवतं. गर्दीच्या रीजनमध्ये हे क्षणात होतं. पण दिवसाकाठी थोडेच टास्क चालणाऱ्या रीजनमध्ये अर्धा भरलेला बफर तासन्‌तास तसाच पडून राहतो. एक नवा मुलगा मला म्हणाला होता, ‘सर, या रीजनचा कलेक्टर मेलाय, दुपारपासून एकही रेकॉर्ड नाही.’ मेला नव्हता, पान भरायची वाट बघत होता. एक्सेप्शन वर्गाच्या नोंदी मात्र थांबत नाहीत, त्या लगेच जातात.

नोंदींचे वर्ग एकूण चार. परफॉर्मन्स आणि एक्सेप्शन हे नेहमीचे. ट्रान्झॅक्शन रिसोर्स वर्ग टास्कने वापरलेल्या प्रत्येक फाइलचा आणि टेम्पररी स्टोरेज क्यूचा वेगळा हिशेब देतो. आयडेंटिटी वर्ग सीआयसीएसच्या टीएस ४.१ आवृत्तीपासून आला. सीईएमटी या ऑपरेटरच्या ट्रान्झॅक्शनमधून इन्क्वायर मॉनिटर केलंत की एकाच स्क्रीनवर मॉनिटरिंग चालू की बंद, कोणता वर्ग चालू, फ्रीक्वेन्सी किती, सिंकपॉइंट आणि कॉन्व्हर्सेशनची सेटिंग काय, हे सगळं दिसतं. हा स्क्रीन सगळ्यांनी पाहिलेला असतो. २२ रीजनवर रोज बघणारा मात्र मला अजून भेटायचाय.

आता हा एक स्क्रीन हिरवा असला की काम झालं, असा समज असतो. तिथेच लोक फसतात. नोंद सीआयसीएसमधून निघते, एसएमएफच्या बफरमध्ये जाते, तिथून मॅन डेटासेटवर (एसएमएफच्या डिस्कवरच्या फाइलवर) किंवा लॉगस्ट्रीमवर (सिस्टिम लॉगरच्या प्रवाहावर), मग डंप जॉब ती उचलून बाजूला साठवतो, मग रिपोर्टचा जॉब वाचतो. पाच ठिकाणं. सीआयसीएस म्हणतं, मी लिहिलं. पण पार्मलिब या सेटिंगच्या लायब्ररीतल्या एसएमएफपीआरएम मेंबरमध्ये (फाइलमध्ये) कोणीतरी ११० टाइप वगळलेला असतो. किंवा आयईएफयू८३ किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादा एक्झिट (वाटेत बसवलेला छोटा प्रोग्रॅम), पूर्वी कधीतरी लिहिलेला आणि आता कोणाच्याच लक्षात नसलेला, विशिष्ट रीजनचे रेकॉर्ड गाळत असतो. सीईएमटीच्या स्क्रीनवर यातलं काहीही दिसत नाही.

म्हणून मी बँकेतल्या जुन्या कारकुनासारखी रोजची टॅली करतो. सीआयसीएसच्या स्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे ११० च्या सबटाइप २ मध्ये, मॉनिटरिंग डोमेनचा एक छोटासा भाग असतो. किती परफॉर्मन्स रेकॉर्ड झाले, किती दाबले गेले, किती एक्सेप्शन, किती एसएमएफ रेकॉर्ड लिहिले आणि किती वेळा एसएमएफने चूक परत दिली. शेवटचा आकडा शून्य नसेल तर चहा नंतर, आधी तो बघायचा. मग डंप झालेल्या डेटात त्याच ॲप्लिडचे (रीजनच्या नावाचे) परफॉर्मन्स रेकॉर्ड मोजायचे आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. जुळले तर पाचही ठिकाणं धड आहेत. नाही जुळले तर कुठल्या दोन ठिकाणांमध्ये गळती आहे ते शोधायला अर्धा तास पुरतो. हा जॉब लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नातला हा सर्वात मोलाचा भाग आहे, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मोजताना एक खड्डा सांभाळा. परफॉर्मन्स नोंदीत रेकॉर्ड टाइप नावाची जागा असते. टी म्हणजे टास्क संपला. एफ म्हणजे टास्क लांबला म्हणून मधेच नोंद लिहिली. एस म्हणजे सिंकपॉइंटला (बदल पक्के होतात तेव्हा), सी म्हणजे टर्मिनलशी संवाद चालू असताना, डी म्हणजे प्रोग्रॅमने स्वतः मागितली म्हणून. सगळ्या नोंदी मोजून ‘आज इतके ट्रान्झॅक्शन झाले’ असं क्लायंटला सांगितलंत तर आकडा फुगतो. ट्रान्झॅक्शन मोजायला फक्त टी घ्या. सीपीयूची बेरीज करताना मात्र सगळ्या घ्या, नाहीतर लांबलेल्या टास्कचा आधीचा खर्च हिशेबातून गळून जातो.

आत अडकलेल्या माणसाचा प्रश्न राहिला. त्यासाठी एमएनफ्रेक हे पॅरामीटर आहे. मूळ सेटिंग शून्य, म्हणजे बंद. तिथे ००१५०० (तास, मिनिटं, सेकंद) दिलंत तर १५ मिनिटांहून जास्त चाललेल्या टास्कची नोंद दर १५ मिनिटांनी पडते. एमक्यूचा (संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या प्रणालीचा) ट्रिगर मॉनिटर सकाळी उठतो आणि रीजन बंद होईपर्यंत चालतो, सॉकेट ऐकणारा टास्कही तसाच. एमएनफ्रेक नसेल तर त्यांनी दिवसभर खाल्लेला सीपीयू रात्री एकदम एकाच नोंदीत येतो आणि तासवार आलेखात रात्री बाराला एक सुळका उभा राहतो. मग मीटिंगमध्ये त्या सुळक्यावर अर्धा तास चर्चा होते. मी अशा दोन मीटिंगमध्ये बसलोय.

आता बंद काय करायचं ते. आधी आकडा मांडू. कॉम्प्रेस न केलेली एक परफॉर्मन्स नोंद साधारण अडीच हजार बाइटची धरा. गर्दीत सेकंदाला ४०० टास्क असतील तर सेकंदाला १० लाख बाइट, तासाला ३.६ जीबी, दहा तासांच्या गर्दीचे ३६ जीबी. हे ४०० म्हणजे ४०० ग्राहक नव्हेत, हेही ध्यानात घ्या. टर्मिनल रीजनमधून काम ॲप्लिकेशन रीजनला गेलं आणि तिथून फाइल रीजनला, तर एकाच ग्राहकाच्या एकाच कामाच्या तीन नोंदी पडतात. ‘डेटा वाढला’ म्हणजे बहुतेक वेळा धंदा वाढलेला नसतो, कोणीतरी मधे आणखी एक रीजन टाकलेला असतो.

बंद करायच्या आधी एमसीटीमध्ये, म्हणजे मॉनिटरिंगच्या सेटिंगच्या तक्त्यात, कॉम्प्रेस चालू आहे का बघा. मॉनिटरिंग नोंदीत बरेचसे रकाने रिकामे किंवा शून्य असतात, त्यामुळे ती छान दबते. किती दबते ते मला विचारू नका. त्याच स्टॅटिस्टिक्समध्ये कॉम्प्रेस केलेल्या आणि न केलेल्या नोंदीची सरासरी लांबी शेजारी शेजारी दिलेली असते, तुमच्या रीजनचा आकडा तिथे वाचा. फक्त वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ती नोंद उलगडता आली पाहिजे. आयबीएमच्या नमुना प्रोग्रॅममध्ये, डीएफएच-डॉलर-मॉल्समध्ये, त्यासाठी एक्सपांड नावाचं कंट्रोल स्टेटमेंट आहे. घरी लिहिलेला रिपोर्ट प्रोग्रॅम असेल तर आधी त्याची चाचणी घ्या.

कॉम्प्रेस करूनही भागत नसेल तर दोन वाटा. एक म्हणजे एमसीटीमध्ये नको असलेले रकाने एक्सक्लूड करणं. दुसरी म्हणजे एक्सएमएनआउट हा ग्लोबल एक्झिट, जो नको त्या नोंदी सीआयसीएसमध्येच दाबतो. मला दुसरी वाट जास्त बरी वाटते, कारण स्टॅटिस्टिक्समध्ये ‘इतके दाबले’ असा आकडा राहतो आणि टॅली जुळवता येते. पहिल्या वाटेने मी एकदा चांगला पोळलोय. एक्सक्लूड केलं की नोंदीचा आराखडाच बदलतो. नवा आराखडा सीआयसीएस डिक्शनरी रेकॉर्डमध्ये सांगतं, पण आमचा रिपोर्ट प्रोग्रॅम डिक्शनरी वाचतच नव्हता. कोणीतरी पूर्वी ऑफसेट मोजून कोबॉलमध्ये ठोकून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये एका साध्या चौकशीच्या ट्रान्झॅक्शनला नऊ तास लागल्याचं दिसलं. हसलो आम्ही, पण क्लायंट हसला नाही. डिक्शनरी रेकॉर्ड हरवला असेल तर डीएफएचएमएनडीयूपी हा प्रोग्रॅम चालवून तो पुन्हा बनवता येतो, हे त्या दिवशी कळलं.

बाकी माझं मत सरळ आहे. एक्सेप्शन वर्ग सगळ्या रीजनवर कायम चालू. स्टोरेजसाठी थांबला, फाइलच्या स्ट्रिंगसाठी (एकाच वेळी फाइल वापरायच्या जागेसाठी) थांबला, बफरसाठी थांबला, असं काही घडलं तरच तो लिहितो, सुखाच्या दिवशी त्याचा खर्च जवळपास नाहीच. परफॉर्मन्स वर्ग प्रॉडक्शनमध्ये चालू. रिसोर्स वर्ग एरवी बंद, गरज पडली की एकाच रीजनवर, आणि बंद करायची वेळ आधी लिहून मगच चालू. आयडेंटिटी कोणी मागितली नसेल तर नको. सीपीयूच्या खर्चाबद्दल ऐकीव टक्केवारी मानू नका. टेस्ट रीजनवर सारखाच लोड दोनदा द्या, एकदा वर्ग चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून, आणि दर ट्रान्झॅक्शन सीपीयू काढा. मॅनेजरला तुमच्या घरचा आकडा पटतो, पुस्तकातला नाही.

‘वेळ लिहून मगच चालू’ हे मी का म्हणतो ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीचा जुलै, महिनाअखेर. दुपारी चारला एक चौकशीचा ट्रान्झॅक्शन रखडायला लागला. आम्ही उत्साहाने सगळ्या रीजनवर रिसोर्स वर्ग चालू केला आणि डीबीटूवर परफॉर्मन्स ट्रेसही (पायरीपायरीची नोंद, एसएमएफचा टाइप १०२), प्लॅनचा फिल्टर न लावता, थेट एसएमएफकडे. सहापर्यंत कारण सापडलं, एका फाइलला स्ट्रिंग कमी पडत होत्या. ट्रेस बंद करायचं काम रात्रपाळीवर सोपवणार होतो. तोवर बाहेर धो धो पाऊस, शीव-कुर्ल्याच्या मधे रुळांवर पाणी, मध्य रेल्वे ठप्प. रात्रपाळीचा माणूस परळहून निघाला आणि गाडीत अडकला. हँडओव्हर फोनवर झाला, निम्मा आवाज तुटत. ट्रेसचा विषय त्या निम्म्यात गेला.

साडेअकराच्या सुमारास कन्सोलवर आयईई३६६आय हा संदेश दिसला: एसएमएफचा एकही डेटासेट रिकामा नाही, डेटा बफरमध्ये साठतोय. सगळे डंप जॉबच्या मागे लागलो. जॉब महिनाअखेरच्या बॅचमागे रांगेत उभा होता, जॉब चालवणारा इनिशिएटर मोकळा नव्हता. तो मिळवून देईपर्यंत बफरही भरले आणि आयईई९७९डब्ल्यू आला, म्हणजे डेटा गेला. नशीब इतकंच की नोबफ्सची (बफर संपले तर काय करायचं त्याची) सेटिंग मेसेजची होती. ती हॉल्टची असती तर महिनाअखेरच्या रात्री अख्खी सिस्टिम थांबली असती. गेलेल्या डेटात आमचे ट्रेस होतेच, त्यांचं कोणाला काही नव्हतं. पण त्याच चाळीस मिनिटांचे टाइप ३० गेले, ज्यावरून बिल बनतं, आणि टाइप ८० गेले, जे सिक्युरिटीवाले ऑडिटला दाखवतात. सकाळी दोघेही दारात. पाऊण तास आम्हा पाच जणांपैकी एकालाही सुचलं नाही की पाणी नळातून येतंय, आधी नळ बघावा. शेवटी कोणीतरी डिस्प्ले ट्रेस टाइप केलं आणि तो तिथे निवांत बसलेला दिसला.

आज तुमच्याकडे याला उपाय आहेत. झेड-ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १.९ आवृत्तीपासून एसएमएफ लॉगस्ट्रीमवर लिहिता येतं. ११० साठी वेगळी लॉगस्ट्रीम ठेवा, म्हणजे सीआयसीएसचा पूर आला तरी ३० आणि ८० ची वाट वेगळी राहते. १.१२ पासून एसएमएफमध्ये फ्लड पॉलिसी आहे. एखादा टाइप ठरलेल्या वेगाबाहेर यायला लागला की आधी संदेश द्यायचा, की रेकॉर्ड टाकून द्यायचे, हे टाइपप्रमाणे ठरवता येतं. १०२ साठी मी टाकून द्या म्हणेन, ११० साठी फक्त संदेश, आणि ८० ला हात लावू नका. बफरची कमाल मर्यादा मूळची १२८ एमबी असते, ती १ जीबीपर्यंत वाढवता येते. डी एसएमएफ,ओ या कमांडने ही सगळी सेटिंग चालू सिस्टिमवर बघता येते. पार्मलिबमधला मेंबर वाचून समाधान मानू नका. आयपीएलनंतर (सिस्टिम सुरू झाल्यावर) कोणी सेट एसएमएफने दुसरा मेंबर लावला असेल तर ते तिथे कळणार नाही.

डीबीटूचा विषय निघालाच आहे तर एक. सीआयसीएसमधून जाणारे थ्रेड (डीबीटूशी जोडण्या) पुन्हा वापरले जातात, त्यामुळे डीबीटूची अकाउंटिंग नोंद, म्हणजे एसएमएफ १०१, कधी पडणार हे डीबीटू-एंट्रीच्या अकाउंटरेक या सेटिंगवर अवलंबून असतं. ते नन असेल तर कितीतरी ट्रान्झॅक्शनचा खर्च एकाच नोंदीत गोळा होतो आणि ११० शी मेळ बसत नाही. असा मेळ बसला नाही की दोष कलेक्टरवर येतो. तो बिचारा त्याचं काम करत असतो.

आता ऑनलाइन मॉनिटर. तुमच्याकडे कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. ओमेगामॉन असेल (कँडल कंपनीचा, २००४ मध्ये आयबीएमने ती कंपनीच घेतली) किंवा दुसरा कोणता, आतली रचना सारख्याच जातीची असते. प्रत्येक रीजनमध्ये त्याचा एक तुकडा बसतो आणि त्या तुकड्यात तीनचार वेगवेगळे कलेक्टर असतात, प्रत्येकाचं बटण वेगळं. यांचे दोन प्रकार मनात पक्के करा. पहिला डोकावणारा. तो ठरावीक अंतराने आत बघतो, कोण कशासाठी थांबलंय ते टिपतो आणि निघतो. अडथळ्याचं विश्लेषण याच्या जोरावर होतं. त्याचा खर्च तो किती वेळा डोकावतो यावर ठरतो, गर्दीवर फारसा नाही. उलट दोन डोकावण्यांच्या मधे येऊन गेलेला छोटा टास्क त्याला दिसतच नाही. दुसरा प्रत्येकाला अडवून लिहून घेणारा. टास्क हिस्टरी आणि ॲप्लिकेशन ट्रेस या जातीचे. दादरच्या पुलावर टीसीने प्रत्येक प्रवाशाचं तिकीट बघायचं ठरवलं तर दुपारी दोनला काही वाटणार नाही, संध्याकाळी साडेसहाला पूल तुंबेल. याचा खर्च नेमका गर्दीच्याच वेळी वाढतो. म्हणून ‘कलेक्टरचा त्रास होतो का’ हे दुपारी मोजून कळत नाही. तुमचा क्लायंट अमेरिकेतला असेल तर त्यांची गर्दी आपल्या संध्याकाळनंतर असते, तेव्हा मोजा.

टास्क हिस्टरीचं आणखी एक. ती ठरावीक आकाराच्या जागेत गोल फिरते, जागा संपली की जुनं पुसून नवं. शांत वेळेला त्यात सहा तास मावतात, गर्दीत कदाचित वीस मिनिटं. सिस्टिम मंद झाली, फोन आले, कॉल जोडला गेला, तोवर अर्धा तास गेला, आणि हवी ती वीस मिनिटं पुसली गेली. या जागेचा आकार गर्दीच्या तासावरून ठरवा, रोजच्या सरासरीवरून नको.

आणि हा तुकडा रीजनबरोबर उठतो तो बहुधा पीएलटीतल्या (रीजन उठताना चालवायच्या प्रोग्रॅमच्या यादीतल्या) नोंदीमुळे. कोणी पीएलटी बदलली, सीआयसीएसची नवी आवृत्ती आली आणि मॉनिटरची जुनीच राहिली, किंवा एखादा कलेक्टर ‘मॅन्युअल’ ठेवलाय आणि रीस्टार्टनंतर हाताने चालू करायचा राहिला, तर रीजन मजेत चालतो आणि मॉनिटरच्या स्क्रीनवर शून्य दिसतं. शून्याकडे बघून माणसाला वाटतं, वा, काही अडचण नाही. शिवाय यांतले बरेच मॉनिटर टास्कची माहिती सीआयसीएसच्याच मॉनिटरिंगमधून उचलतात. मॅनेजरच्या सांगण्यावरून तुम्ही परफॉर्मन्स वर्ग बंद केलात तर ज्यासाठी वेगळे पैसे मोजले त्या मॉनिटरचेही निम्मे रकाने ओस पडतील. हे त्यांना बंद करायच्या आधी सांगा.

सिस्टिम मंद असताना काय करायचं? कोणत्याही बटणाला हात लावायच्या आधी सीईएमटी परफॉर्म स्नॅपने डंप, म्हणजे मेमरीची प्रत, घ्या. इंटर्नल ट्रेस चालू असेल (तो चालूच असावा) तर तोही डंपबरोबर येतो. परफॉर्मन्स वर्ग चालू-बंद करून ‘बघू काही फरक पडतो का’ हा प्रकार अजिबात नको. बंद केलंत की चालू टास्कचा तोवर साठलेला हिशेब जातो, आणि पुन्हा चालू केलंत तरी नोंद नव्याने सुरू होणाऱ्या टास्कचीच होते. म्हणजे जे अडकलेत, ज्यांच्यासाठी आपण जमलोय, त्यांचाच पुरावा आपण आपल्या हाताने पुसतो. रीजन स्टोरेजला मोताद झालेला असताना, डीएफएचएसएम०१३१ किंवा ०१३३ हा संदेश कन्सोलवर असताना, नवा कलेक्टर उठवणं तर आगीत तेल. त्यालाही स्टोरेज लागतं.

ऑक्झिलरी ट्रेस (फाइलमध्ये लिहिला जाणारा) लावायची वेळ आली तर त्यात ग्राहकाचा डेटा येतो हे विसरू नका. खाते क्रमांक, कार्ड क्रमांक, सगळं उघडं. कॉन्फडेटाची सेटिंग लपवण्याची आहे का ते आधी बघा, नाहीतर ट्रेसची फाइल ईमेलने व्हेंडरला पाठवल्यावर वेगळंच प्रकरण उभं राहतं.

नियंत्रणाचं काम रॅकफ या मेनफ्रेमच्या सुरक्षा प्रणालीवर सोपवा. कमांड सिक्युरिटी चालू असेल तर सीसीआयसीएससीएमडी क्लासमध्ये मॉनिटर आणि स्टॅटिस्टिक्स ही वेगळी नावं आहेत. बघायला रीड, बदलायला अपडेट. रीड सगळ्या शिफ्टला द्या, अपडेट दोघातिघांनाच. आमच्याकडे हे केल्यावर पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली, नंतर कोणाला आठवणही राहिली नाही.

रोजच्या पाहणीसाठी ऑटोमेशनमधून प्रत्येक रीजनला मॉडिफाय कमांडने सीईएमटी इन्क्वायर मॉनिटर पाठवा. उत्तर एका तक्त्याशी ताडून बघायचं, त्या तक्त्यात प्रत्येक रीजनची ठरलेली स्थिती असते. फरक दिसला तर आपोआप दुरुस्त करू नका, माणसाला कळवा. कारण कधीकधी तो फरक कोणीतरी विचारपूर्वक केलेला असतो. पाहणी शिफ्टच्या सुरुवातीला आणि प्रत्येक रीजन उठल्यानंतर पाच मिनिटांनी करा. बाहेरच्या मॉनिटरची स्थितीही याच तक्त्यात हवी, वेगळा कागद नको.

वेळांचं भान ठेवा. डीएफएच-डॉलर-मॉल्ससारख्या ऑफलाइन रिपोर्टमधल्या वेळा जीएमटीत येतात, एसएमएफच्या हेडरमधली वेळ त्या सिस्टिमची स्थानिक असते, आणि तुमच्या भिंतीवरचं घड्याळ जीएमटीच्या साडेपाच तास पुढे. रात्री साडेअकराला आलेली तक्रार रिपोर्टमध्ये १८:०० ला शोधायची, आणि क्लायंट न्यूयॉर्कचा असेल तर उन्हाळ्यात त्यांच्या ईमेलमध्ये तीच दुपारी दोनची असेल. मी तीन रकान्यांचा कागद मॉनिटरवर चिकटवला होता, तो बदली झाल्यावर तसाच सोडून आलो. आरएमएफ (अख्ख्या सिस्टिमचं मोजमाप), एसएमएफ आणि सीआयसीएस स्टॅटिस्टिक्सचं अंतर एकच, शक्यतो १५ मिनिटं, आणि तासाच्या ठोक्याशी जुळलेलं ठेवा. नाहीतर तीन रिपोर्ट तीन वेगवेगळ्या पंधरा मिनिटांबद्दल बोलतात.

आता कलेक्टर बंद निघालेल्या तुमच्या त्या एका रीजनबद्दल माझा अंदाज. वॉर्म स्टार्टला मॉनिटरिंग आधीची स्थिती ग्लोबल कॅटलॉगमधून (रीजन ती जपून ठेवतो त्या फाइलमधून) उचलतं, सुरू करताना वेगळं पॅरामीटर दिलं नसेल तर. कोल्ड स्टार्टला, म्हणजे कोऱ्या पाटीने सुरू करताना, एसआयटी (सुरुवातीच्या सेटिंगची यादी) चालते. म्हणजे कोणीतरी एकदा सीईएमटीने बंद केलं असेल तर पुढचे कितीतरी रीस्टार्ट ते बंदच राहू शकतं, एसआयटीत एमएन ऑन (मॉनिटरिंग चालू) लिहिलेलं असूनही. तुम्ही एसआयटी बघून निश्चिंत होतात, आणि त्या वेळी रीजन कॅटलॉगचं ऐकत होता. एमएन आणि वर्गांची पॅरामीटर स्टार्टअपच्या ओव्हरराइडमध्ये स्पष्ट द्या, म्हणजे हा रस्ता बंद होईल.

कधी बंद झालं ते शोधायचं तर त्या रीजनचा डेटा ज्या दिवसापासून आटला तो दिवस एसएमएफच्या जुन्या डंपमधून काढा. मग त्या दिवसाच्या जॉबलॉगमध्ये डीएफएचएपी१९०० संदेश शोधा. सीआयसीएसच्या नव्या आवृत्त्यांत सेट कमांडची नोंद त्यात युजर आयडीसकट पडते. जॉबलॉग पुसला गेला असेल तर त्या आठवड्याची हँडओव्हरची वही काढा आणि ‘तात्पुरतं’ हा शब्द शोधा.